जागा रिकामी ठेवायची नाही

आमच्या गायन पार्टीत माणूस टिकत नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हा मेहरूणचा पोरगा आपल्या पार्टीची जाहिरात करी राह्यला. जाहिरात करावी असं आमच्याजवळ काही नाही. एक पेटी आहे, तिच्या दोन पट्ट्या मुक्या झाल्यात. एक ढोलकी आहे, तिची शाई उडालीय. दिमडी, झांज, तुणतुणं. आणि एक वही. वहीला पहिलं पान नाही. शेवटच्या पानावर मात्र पार्टीत आलेल्या माणसांची नावं आहेत. नाव, आल्याचं साल, गेल्याचं साल. गेल्याचं साल नसलेली नावं कधीच चार-पाचाच्या वर जात नाहीत.

मी अठरा वर्षांचा असताना कोरसमध्ये उभा राहिलो. आज सव्वीस संपत आलं. तेव्हा पार्टीत सात जण होते. त्यातले नाना सोडले तर आज कुणी नाही. आणि नानाही आता गात नाहीत, नुसते बाजूला बसतात. म्हणजे सगळी पार्टी मुळापासून बदलली. तरी आमचा छोटा हत्ती गावाच्या कमानीखालून आत शिरला की पोरं ओरडतात, "मेहरूणची पार्टी आली रे!"

कोणती पार्टी आली? जिला ते ओळखत होते तिच्यातला तर एकही गळा या गाडीत नाही. मग हे कुणाला बघून ओरडतात? हा प्रश्न मला रात्री परतताना पडतो. गाडीत सगळे एकमेकांच्या अंगावर झोपलेले असतात, नशिराबादच्या पुढं जळगावचे दिवे दिसायला लागतात, आणि तीन तासांनी माझी पाळी असते.

गेलेल्यांचा हिशेब सांगतो.

पहिला पेटीवाला कारखान्यात कायम झाला. पाळ्या आल्या, ओव्हरटाईम आला, घराचा हप्ता आला, पेटी सुटली. त्याला दोष कसा देऊ? दुसरा सुरतेला गेला. आमच्या खानदेशातून सुरतेला माणूस जातो तसं पाणी तापीतून जातं. तिसरा डीजेवाल्याकडं लागला. म्हणाला, "भो, तुमच्यासंगं रातभर बोंबलून दोनशे भेटतात. तिथं बटन दाबायचे पाचशे." चौथ्याचं लग्न झालं. सासरा म्हणाला, गाणंबजावणं करणाऱ्याला पोरगी दिली म्हणून लोक हसतात. सासरा आपलाच, जयभीमवालाच. पाचवा दारूनं गेला. त्याच्या मयतीला आम्ही गायलो, आणि गाताना त्याचाच सूर कमी पडला. सहावा परीक्षा देऊन साहेब झाला. नोकरीचा पेढा घेऊन आला होता. आता कॉलनीत राहतो. गाडीत आमचीच गाणी लावतो, पण काच वर करून. सातव्याचं आणि आमचं इलेक्शनात फाटलं. तो एका गटात, आम्ही कोणत्याच गटात नाही. त्याच्या लेखी तोही एक गटच.

बाकीचे असेच. कुणी एक हंगाम, कुणी दीड. हंगाम म्हणजे ११ एप्रिल ते मेअखेर. फुल्यांची जयंती, बाबासाहेबांची जयंती, मग बुद्धपौर्णिमा, आणि मधल्या सगळ्या रात्री. कारण चौदा तारखेला सगळ्या गावांना एकदम पार्टी मिळत नाही, म्हणून गावं वाटून घेतात. कुणाची जयंती वीसला, कुणाची तीसला, कुणाची मेच्या दहाला. त्या दिवसांत आम्ही यावल, रावेर, चोपडा, धरणगाव, एरंडोल, पारोळा, जामनेर, पाचोरा असं फिरतो. दिवसा मिल, रात्री गाव. गावात शिरलं की आधी निळा झेंडा, मग माईकची चाचणी, मग कळण्याची भाकर आणि ठेचा. ठेचा गळ्याला वाईट. पण माऊली समोर ठेवते तेव्हा नाही म्हणता येत नाही.

मिल म्हणजे दाल मिल. जळगावची डाळ देशभर जाते हे तुम्हाला माहीत असेल. डाळ कशी होते ते माहीत नसेल. तूर येते, तिला चाळायचं. मग रोलवर घासून अंगावर चरे पाडायचे. मग तेल-पाणी मारून ढीग लावून ठेवायची. मग उन्हात पसरायची, पायानं फिरवायची, पुन्हा रोलवर घ्यायची. टरफल निघतं, डाळ दुभंगते. भुसा वेगळा, चुनी वेगळी, डाळ वेगळी. हे सगळं होताना जी धूळ उडते तिला वेगळं पोतं नाही. ती आमच्या छातीत जाते. नाना अशाच एका मिलमध्ये तीस वर्षं रोलवर होते. मिलचं नाव सांगत नाही, सगळीकडं तेच. त्यांचा आवाज असा होता की भोंगा नसला तरी शेवटच्या घरापर्यंत जायचा. आता दोन ओळी म्हटल्या की खोकला येतो. तोंडाला रुमाल बांधा म्हणतात. रुमाल बांधून पन्नास किलोचं पोतं उचलून बघावं एकदा म्हणणाऱ्यानं.

पार्टी सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, साथींनो. विचार सुटतो म्हणून माणूस सुटत नाही. पाळी, हप्ता, छाती, सासरा. चळवळीच्या भाषणात ही चार कारणं येत नाहीत.

मी ढोलकीवर कसा आलो ते ऐका. मला ढोलकी येत नव्हती. मी कोरसवाला. चाळीसगाव तालुक्यात कार्यक्रम होता आणि ढोलकीवाला आलाच नाही. नाना म्हणाले, "बस." मी म्हटलं, "नाना, मला नाही येत." ते म्हणाले, "मला कुठं येत होतं?" बसलो. वाजवली म्हणण्यापेक्षा बडवली. तिसऱ्या गाण्याला लय अशी सुटली की गाणारे एकीकडं, मी एकीकडं. लोक हसले. मी घाम पुसत होतो.

परतताना नानांनी चाळीसगावच्या टांग्याची गोष्ट सांगितली. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवलीय. १९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला सरकारनं जी समिती नेमली तिचे ते सभासद होते. धुळ्याकडचं काम उरकून परत जाताना चाळीसगावला उतरले. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला टांगा हवा. टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नाही. शेवटी ठरलं काय, तर टांगा भाड्यानं देतो, हाकणारा तुमचा आणा. आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्यानं आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा टांग्यासकट खाली नदीत. त्यांच्या पायाचं हाड मोडलं, बरेच दिवस अंथरुणावर काढावे लागले. आपल्या पाहुण्यानं पायी चालत यावं हे आपल्या लोकांना कमीपणाचं वाटलं. मानापायी त्यांनी पाहुण्याचा जीवच पणाला लावला, असं बाबासाहेबांनीच पुढं लिहिलं.

नाना म्हणाले, "त्या हाकणाऱ्याची चूक काय? जागा रिकामी होती, बसला. आपली चूक एवढीच की आधी कुणी शिकवून ठेवलं नव्हतं." मग खोकत खोकत म्हणाले, "उद्यापास्नं ढोलकी शिक."

शिकलो. मिलच्या पोत्यावर बोटं आपटत शिकलो.

पार्टीत माणसं का बदलतात याची मला आधी लाज वाटायची. पुढं जलशांबद्दल मिळेल ते वाचत गेलो. शाळा माझी नववीला सुटली. जे वाचलं ते वाचनालयात, विहारात आणि रद्दीच्या दुकानात. तेव्हा कळलं की ही आपली नवी गोष्ट नाही.

नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. त्याच धगीत १९३१ च्या सुमारास भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्याआधी सत्यशोधकांचे जलसे होतेच. कर्डकांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. देवाच्या जागी माणूस आणला. वगात सावकार, भटजी, मेलेलं ढोर ओढायला लावणारा गाव. शिका म्हणून सांगायचं, पण हसवत. कर्डकांच्या एका जलशाचं मोल बाबासाहेब आपल्या दहा सभांएवढं मानत, असं आमच्याकडं अजून सांगतात. कर्डकांनी १९७८ साली जलशांवर पुस्तक लिहिलं नसतं तर आज कोण कुठं उभा राहून गायला हे कुणाला कळलं असतं? केरूबुवा गायकवाड, केरुजी घेगडे अशी नावं तरी राहिली. पण त्यांच्या मागं कोरसमध्ये उभी राहिलेली माणसं? झांज वाजवून सकाळी कामाला गेलेली? त्यांची नावं कोणत्या वहीच्या शेवटच्या पानावर आहेत?

मग वामनदादा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत पोट भरायला गेले, अक्षरं मोठेपणी शिकले. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं आणि मग थांबलेच नाहीत. खांद्याला पिशवी आणि महाराष्ट्रभर पायपीट. त्यांची ठरलेली पार्टी कोणती होती? ज्या गावात गेले त्या गावात जो पेटीवर बसेल तो पेटीवाला, जो ढोलकी ओढेल तो ढोलकीवाला. माझ्या बापानं त्यांना ऐकलं होतं. तो सांगायचा, गाणं एकट्याचं, पण मागं उभं सगळं गाव. १५ मे २००४ ला नाशिकला वामनदादा गेले तेव्हा मी पाळण्यातून नुकताच उतरलेलो. तरी त्यांची गाणी मला पाठ आहेत. माझ्या बापापासनं पाठ आहेत, आणि बापाला लिहिता येत नव्हतं.

आमच्या जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरचे प्रतापसिंग बोदडे वामनदादांचेच शिष्य. त्यांची गाणी आज डीजेवरही वाजतात. वाजवणाऱ्या पोरांना बऱ्याचदा गाणं कुणाचं ते माहीत नसतं. २०२२ साली तेही गेले. आणि शाहीर विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला मंचावरच कोसळले. आपल्या लोकांत गायचं काम असं आहे. राजीनामा नसतो, निवृत्ती नसते.

पुण्याला शिकणारा आमचा एक साथी सुटीत मेहरूणच्या तलावावर बसून मला इंग्रजांच्या पंक गाण्याबद्दल सांगत होता. फाटक्या कपड्यांची कामगारांची पोरं, वाद्य धड येत नाही, तरी मंचावर चढून सरकारला शिव्या. मी म्हटलं, "म्हणजे आमच्यासारखे." तो म्हणाला, "तसेच. त्यांच्यात मँचेस्टरकडची एक पार्टी होती, 'द फॉल' नावाची. १९७६ ला निघाली, २०१८ ला संपली. बेचाळीस वर्षांत साठाच्या वर माणसं बदलली. एकटा मार्क स्मिथ नावाचा गाणारा तेवढा शेवटपर्यंत."

मँचेस्टर म्हटल्यावर मी कान टवकारले. अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा आमच्या खानदेशातला कापूस त्याच मुलखातल्या गिरण्यांना गेला होता. जळगावची पेठ त्या कापसावर फुगली. आमचे आजे-पणजे त्या कापसाच्या गठड्या वाहत होते. म्हणजे ओळख जुनीच निघाली.

मी विचारलं, "मग तो स्मिथ गेल्यावर पार्टीचं काय झालं?"

"तो २०१८ ला मेला. पार्टी संपली."

हे मला पटलं नाही. साठ माणसं आली-गेली, आणि एक माणूस मेल्यावर संपली? म्हणजे ती त्याची एकट्याची होती. बाकीचे साठ मजूर होते. आपल्यात तसं झालं असतं तर वामनदादांबरोबर सगळं २००४ लाच आटपलं असतं. मी त्या साथीला म्हटलं, "गाणारा मेला तरी जी बंद पडत नाही तिला आम्ही पार्टी म्हणतो." बोलून मोकळा झालो. पण हे बोलणं मला नंतर चांगलंच महागात पडलं. ते पुढं येतं.

त्याच साथीनं आम्हाला विहाराच्या खोलीत लॅपटॉपवर आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' दाखवला. २०११ चा सिनेमा, चौदा वर्षं खपून केलेला. सुरू होतो विलास घोगरेंपासून. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली. त्यानंतर काही दिवसांत शाहीर घोगरेंनी स्वतःला संपवलं. सिनेमाच्या शेवटाकडं कबीर कला मंचाची पोरं येतात. खोलीत आम्ही अकरा जण होतो. कुणी हललं नाही.

कबीर कला मंचाची गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तुकड्या-तुकड्यांनी माहीत असेल. मी ती सलग सांगतो, कारण मला ती पार्टीची गोष्ट म्हणून सांगायचीय.

२००२ साली गुजरातमध्ये दंगली झाल्या. त्यानंतर पुण्यातल्या तरुणांनी हा मंच काढला. वस्त्या, कॉलेजं, कामगारांच्या सभा, मोर्चे, जिथं बोलावतील तिथं. २००६ ला खैरलांजी झाली, तेव्हा त्यांच्या डफाची धार आणखी वाढली. त्यात शीतल साठे होती, कासेवाडीच्या वस्तीतली. सचिन माळी लिहायचा. सागर गोरखे, रमेश गायचोर, दीपक डेंगळे, सिद्धार्थ भोसले, ज्योती जगताप, रूपाली जाधव. सगळे एकाच वेळी नव्हते. कुणी आधी, कुणी नंतर. कुणी मधून गेलं, कुणी परत आलं. अगदी आपल्यासारखं.

मे २०११ मध्ये एटीएसनं डेंगळे आणि भोसलेंना पकडलं. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप, कायदा यूएपीए. मंचानं आरोप नाकारला. बाकीचे दिसेनासे झाले. दोन वर्षं मंचावरच्या बहुतेक जागा रिकाम्या. जानेवारी २०१३ मध्ये मुंबई हायकोर्टानं डेंगळेंसह काहींना जामीन दिला. मग २ एप्रिल २०१३ ला शीतल आणि सचिन मुंबईत विधानभवनासमोर येऊन उभे राहिले. ही शरणागती नाही, हा गाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. शीतल तेव्हा गरोदर होती. तिला जूनमध्ये जामीन मिळाला. सागर आणि रमेश मेमध्ये आले. सचिन, सागर, रमेश यांना जामीन मिळायला सुप्रीम कोर्टात जानेवारी २०१७ उजाडला. शीतल-सचिननं पुढं नवयान महाजलसा म्हणून वेगळी वाट धरली. मंचावर दुसरे आले. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. त्या प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये एनआयएनं सागर, रमेश आणि ज्योतीला अटक केली. पुन्हा जागा रिकाम्या. आणि खटला उभा राहायच्या आधीच पुन्हा वर्षांमागून वर्षं तुरुंगात.

आता यातून मी आधी जो अर्थ काढला होता तो असा: पोलिसांच्या कागदावर नावं असतात, जागा नसतात. नावाला बेडी घालता येते, जागेला नाही. कोरसमध्ये एक पाऊल मागं उभा असलेला पुढं येतो आणि गाणं चालू राहतं. मी यावर कविताही लिहिली. दोन ठिकाणी वाचली, टाळ्या पडल्या.

नानांनी ती ऐकली आणि विचारलं, "तुरुंगातलं वर्ष कोण मोजतं रे? जागा मोजते का माणूस?"

मी गप्प.

कविता फाडली नाही, पण पुन्हा वाचलीही नाही. जागा भरते हे खरं आहे. पण गेलेल्या माणसाची तरुण वर्षं कुणाच्या टाळ्यांनी भरत नाहीत. "पार्टी चालू राहते" हे वाक्य मंचावर उभं राहून म्हणायला फार सोपं आहे. चालू राहायला कुणीतरी कमी झालेलं असतं. त्याची आई असते, त्याच्या घरात चूल असते.

आता माझं सांगतो. यासाठीच लिहायला बसलो होतो, पण इथवर यायला एवढी पानं घेतली.

माझी आई पूर्वी डाळ निवडायला जायची. मिलमध्ये बायांची रांग बसायची, समोर डाळीचे ढीग. खडा, काळा दाणा, टरफल वेगळं करायचं. हात चालू आणि तोंडही चालू. तिथं त्या गायच्या. रमाईची गाणी, भीमाची गाणी, वामनदादांची गाणी. कुणी उचलायचं, बाकीच्या धरायच्या. आमच्या जळगावातला खरा कोरस तो होता, पण त्याला कुणी पार्टी म्हणत नव्हतं. मग सॉर्टेक्स मशीन आलं. ते डोळ्यानं रंग ओळखतं, काळा दाणा फुंकून बाहेर टाकतं. तीस बायांचं काम एक मशीन करतं आणि गात नाही. रांग मोडली. आई धुणीभांडी करायला लागली. गाणी घरात आली. माझ्या धाकट्या बहिणीनं ती तिथं उचलली.

पार्टीची जुनी वही फाटायला आली तेव्हा बहिणीनं सगळी गाणी नव्या वहीत उतरवून काढली. महिना लागला तिला. अक्षर मोत्यासारखं. उतरवता उतरवता पाठ झाली. नानांच्या चाली तिला माझ्यापेक्षा नीट येतात.

दोन वर्षांमागच्या एप्रिलची गोष्ट. यावल तालुक्यातल्या एका गावाची जयंती, सुपारी घेतलेली, आणि दोन दिवस आधी आमचा दुसरा गळा सुरतेला निघून गेला. घरात बसून आम्ही कुणाला घ्यायचं ते बोलत होतो. बहीण आतून म्हणाली, "भाऊ, मी येते ना."

नानांनी माझ्याकडं बघितलं. पार्टीतल्या बाकीच्यांनीही माझ्याकडंच बघितलं. आणि मी म्हणालो, "रात्रीचं येणंजाणं. पोरीचं काम नाही ते."

मी म्हणालो. जो रोज रात्री माईकवर सावित्रीमाई आणि रमाई गातो तो मी. जो त्या साथीला पार्टी म्हणजे काय ते शिकवत होता तो मी. जागा रिकामी होती, माणूस समोर उभा होता, आणि मी म्हणालो जागा भरलीय.

आम्ही एका पाहुण्याला नेलं. तो पिऊन आला. तिसऱ्या कडव्याला शब्द विसरला. त्याच्या पुढ्यात वही उघडी होती, माझ्या बहिणीच्या अक्षरातली. तिच्याकडं बघून त्यानं गाणं पुरं केलं. म्हणजे त्या रात्री तीच गायली. फक्त तिला घरी ठेवून.

जुन्या जलशांत बायांची पात्रं पुरुष करायचे. लुगडं नेसून पुरुष उभा राहायचा आणि बाईचं दुःख सांगायचा. तो काळ तसा होता म्हणून आपण सोडून देतो. पण आज? शीतल साठे पुढं उभी राहून गाते. औरंगाबादच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन एकट्या गावोगाव उभ्या राहतात. आणि मेहरूणचा कवी म्हणतो, रात्रीचं येणंजाणं! टांगेवाल्याचं आणि माझं बोलणं जवळ ठेवून बघा. तो म्हणाला, टांगा देतो पण हाकणार नाही. मी म्हणालो, गाणी दे पण गायची नाहीत.

बहीण भांडली नाही. आईच भांडली. म्हणाली, "आम्ही तीस बाया तिथं गायचो तेव्हा तुझी पार्टी कुठं होती रे?"

मागल्या वर्षी ३१ जुलैला तिला लळिंगला घेऊन गेलो. खरं तर तीच आली. मी फक्त नाही म्हणालो नाही. धुळ्याजवळ लळिंगच्या जंगलात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब तिथं मुक्कामाला होते. दरवर्षी त्या तारखेला खानदेशातून माणूस तिथं जमतो. पावसाचे दिवस, चिखल, निळे झेंडे, पुस्तकांची दुकानं, खिचडीच्या पंगती, आणि झाडाझाडाखाली कुठली ना कुठली पार्टी. आम्हीही एका झाडाखाली ताडपत्री बांधली. सूत्रसंचालक म्हणाला, "आता एक छोटी मुलगी आपल्यापुढं गीत सादर करील." ती वीस वर्षांची. तिनं माईक घेतला आणि आधी सांगितलं, "एक नाही, आम्ही नऊ गाणी म्हणणार आहोत." मग सुरू केलं. दुसऱ्या गाण्याला पाऊस आला, वहीची शाई पसरली. तिला वहीची गरज नव्हती. तिला होती ती आम्हाला. आम्ही दोन ठिकाणी चुकलो, तिनं गात गातच मागं वळून बघितलं. त्या बघण्याला मी अजून घाबरतो.

रात्री गाडीत बिदागी वाटली. चार वाटे केले. ती म्हणाली, "माझा वाटा?"

मी म्हटलं, "आपलं घरचंच आहे ना."

"घरचं घरी. पार्टीत पाच जण होते."

पुन्हा पाच वाटे केले. अंधारात नाना हसल्याचा आवाज आला, मग खोकल्याचा. घरी आल्यावर तिनं वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं. आल्याचं साल लिहिलं. पुढची जागा कोरी.

ती आता भरायची वेळ आलीय. तिला धुळ्याला नर्सिंगला नंबर लागलाय. जाणारच. जायलाच पाहिजे. यासाठीच तर बाबासाहेबांनी शिका म्हटलं. एक गळा कमी झाला म्हणून रडायला मी काही मिलमालक नाही. पण रात्री पाळीवर रोलच्या आवाजात तिची चाल आठवते तेव्हा छातीत काहीतरी अडकतं, आणि ते धुळीचं नसतं.

परवा मिलमधून आलो तर ती दारात बसून गल्लीतल्या सातवीतल्या एका पोरीला झांज शिकवत होती. पोरीला लय सापडत नव्हती. ही पुन्हा पुन्हा हात धरून दाखवत होती. मी म्हटलं, "काय चाललंय?"

ती म्हणाली, "नानांनी सांगितलंय. जागा रिकामी ठेवायची नाही. आणि आयत्या वेळी कुणाला बसवायचं नाही."

तर साथींनो, मी एवढं सगळं का लिहिलं? पार्टी टिकवा असं भाषण करायला नाही. पार्टीत कोण टिकलं नाही ते लिहून ठेवा, एवढंच सांगायला. नाव लिहा, साल लिहा, कशापायी गेला ते लिहा. तुरुंगापायी, सुरतेपायी, छातीपायी. आणि कुणाला तुम्ही येऊच दिलं नाही तेही लिहा. ते पान सगळ्यात आधी.

येत्या एप्रिलला आमच्याकडं एक गळा कमी आहे. पेटीवालाही टिकेल असं दिसत नाही. कुणाला गाता-वाजवता येत असेल तर मेहरूणला या. येत नसेल तरी या. ढोलकी मला तरी कुठं येत होती?

जयभीम.